खंडेनवमीला काढलेलं बटण

रत्नागिरीत मी ज्या घरी स्वयंपाकाला होते, त्या घरच्या सुनेचा ओव्हन मी बिघडवला आणि गप्प राहिले. मग माझी मीच तो जुळवला, तरी गप्प राहिले. माझ्या पोरींनासुद्धा हे माहीत नाय.

त्याच्या आधी मी मिरकरवाड्याच्या बंदरावर कोळंबी सोलायला जायचे. नवरा मुंबईला गिरणीत होता. गिरण्या बंद पडल्या तसा तो गावी आला, लांज्याच्या आत आमचं गाव. आला तो खोकतच आला. छातीत कापूस बसलेला. आमचं भात चार महिने पुरायचं, पुढं काय खायचं. मग दोन पोरी नि त्याला घेऊन मी रत्नागिरीत आले. बंदराच्या वरच्या अंगाला पत्र्याची खोली घेतली. कोळंबी बर्फात असते. सकाळी हात बर्फात घालायचे ते दुपारी काढायचे. बोटं पांढरी पडायची, सालं निघायची, काटा शिरला की पू धरायचा. संध्याकाळी पोरींच्या वेण्या घालताना त्यांचे केस माझ्या बोटांच्या चिरांत अडकायचे. याचं मी रडगाणं सांगत नाय, सगळ्याच बायका करत होत्या. पण कोरड्या कामाची मला किती गरज होती ते कळावं म्हणून सांगितलं.

मग एका ओळखीच्या बाईनं मला त्या घरी लावून दिलं. घरात माणसं तीन. काकी, म्हणजे मालकीण, नवरा वारलेला. तिचा मुलगा, त्याला आम्ही दादा म्हणायचो, तो कोर्टात कारकून. आणि दादाची बायको, मी तिला वहिनी म्हणायचे. वहिनी मुंबईची, लग्नाला वर्ष व्हायचं होतं. काकीची मुलगी पण त्याच वर्षी लग्न होऊन चिपळूणला गेलेली. मी सकाळी यायचे, संध्याकाळचं रांधून जायचे. भाकऱ्या, मासे, आणि रोज एक नारळ, रोज म्हणजे रोज.

काकी मला "लांज्याची" म्हणून हाक मारायची, वहिनी "मावशी" म्हणायची. काकी वाईट नव्हती, कडक होती. माझ्या आधीची बाई तिनं काढली ती लोणच्याची बरणी फुटली म्हणून. म्हणजे फुटली म्हणून नाय, फोडून मांजरावर घातली म्हणून. मला पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं, "फुटलं तर फुटलं म्हण. वस्तू फुटतात. खोटं मला चालत नाही." असं स्पष्ट सांगितलेलं. तरी मी जे केलं ते केलं.

वहिनीचा ओव्हन पांढऱ्या पत्र्याचा, चौकोनी. पुढं काचेचं दार, बाजूला काळं गोल बटण, त्याच्यावर आकडे, वर लाल दिवा. आत आच हवी तेवढी झाली की दिवा आपोआप जायचा. तिच्या वडलांनी लग्नात दिलेला. दादानं त्याच्यासाठी जाड वायर ओढून मोठा प्लग बसवून घेतला होता. वहिनी त्याच्यात नानकटाई करायची, कधी केक. त्या स्वयंपाकघरात बाकी सगळं काकीचं. मीठ काकीच्या अंदाजानं, तिखट काकीच्या अंदाजानं. वहिनीनं आमटी केली तर काकी पळीनं चव बघायची, काही बोलायची नाय, नि मला सांगायची, "जरा बघ गो हिला." ओव्हन तेवढा वहिनीचा. त्याच्यापाशी उभी राहिली की ती गुणगुणायची. एरवी नाय.

काकीला तो आवडत नसे. तिची पद्धत जुनी. दिवाळीत पीठ घरी फेसायचं, डबा घेऊन बेकरीच्या भट्टीवर जायचं, तिथले ट्रे घेऊन त्यात नानकटाया थापायच्या आणि रांगेत बसायचं. तेव्हा गावातल्या सगळ्या बायका तसंच करायच्या. "भट्टीवर चार बायका भेटतात," काकी म्हणायची. "हिचं आपलं खोक्यात." पण खोक्यातल्या दोन नानकटाया चहाबरोबर गुपचूप खायची. वहिनीला ते माहीत होतं. ती मुद्दाम दोन वेगळ्या बशीत ठेवायची.

मी दुसरीपर्यंत शाळेत गेले. मराठी आकडे मला येतात. बटणावर इंग्रजी होते. पण वहिनी नानकटाईला बटण कुठं ठेवते ते मी चित्रासारखं लक्षात ठेवलेलं. एक काठी, मग मडक्यावर मडकं, मग सुटं मडकं. ते चित्र पत्र्यावरच्या पांढऱ्या रेघेसमोर आणायचं. वहिनी बटण तिथंच ठेवायची, कधी हलवायची नाय. चालू करायचं, बंद करायचं ते प्लगवरनं.

आता खंडेनवमीचं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी हत्यारं पुजतात. कोयता, विळी, पहार, जे आपल्याला खायला घालतं ते धुऊन पुसून त्याला गंध-फूल वाहायचं. काकी बोलली, "लांज्याची, विळ्या घे, कोयते घे, शिवणाचं मशीन पूस, दादाची सायकल पूस." मग वहिनीकडं बघून हसली. "आणि सूनबाईंचं खोकं. तेही हत्यारच आहे एक."

मी पुसत सुटले. ओव्हनवर तुपाचा चिकटा बसला होता. बटणाच्या खाली तर काळा थर. फडकं आत जाईना. बटणाच्या अंगाला एक बारका स्क्रू दिसला. सुरीच्या टोकानं ढिला केला तसं बटण हातात आलं. मग ते चिंचेनं घासलं, उन्हात सुकवलं. ज्या दांड्यावर ते बसतं तो दांडा पण फडक्यानं गोल गोल पुसून काढला. पुसताना दांडा हाताखाली फिरला. फिरला ते मला कळलं होतं, पण त्याचं काय, असं वाटलं. मग बटण चढवताना मी फार हुशारी केली. काठी, मडक्यावर मडकं, मडकं, ते चित्र बरोबर रेघेसमोर आणून बसवलं, पहिलं होतं तसं. स्क्रू आवळला. वर गंध लावलं, झेंडूचं फूल ठेवलं, वाकून नमस्कार केला.

वहिनी बोलली, "मावशी, नवाच झाला की हो."

मला फार बरं वाटलं.

कोजागिरीला वहिनीनं नानकटाई केली. खालनं कोळसा. वरनं बघायला बरी, पण उचलली की खाली काळी. तिला वाटलं साखर जास्त झाली. काकी बोलली, "दुधात बुडवा, काळं दिसणार नाही." सगळे हसले, वहिनी पण हसली.

चार दिवसांनी परत केली. या खेपेला लवकर काढली, तर बाहेरनं करपलेली आणि आत कच्चं पीठ. मग तिनं तूप बदललं, सोडा कमी केला, पुस्तक काढून परत वाचलं. बटणाकडं तिनं एकदाही संशयानं बघितलं नाय. पुस्तकात जो आकडा होता तो रेघेसमोर दिसत होता. बटणावर तिचा विश्वास होता, स्वतःवर नव्हता. तिसऱ्या खेपेला पण तसंच झालं. काकीनं एक तुकडा मोडला, हुंगला, नि बशी सरकवली.

"हे बघ सूनबाई," काकी बोलली, "पाडव्याला जावई यायचेत. पहिला दिवाळसण आहे. त्यांच्यापुढे हे जळकं ठेवून माझ्या मुलीला सासरी टोमणे नकोत. दिवाळीत एकदा करून बघ, माझ्यासमोर. जमलं तर राहू दे. नाही जमलं तर हे खोकं ज्यांनी दिलं त्यांच्याकडे मुंबईला पोचतं करायचं."

"वडलांना काय वाटेल?" वहिनी बोलली.

"त्यांना वाटेल, मुलीला काही शिकवलं नाही आपण."

वहिनी मोरीशी जाऊन करपलेला ट्रे घासायला लागली. ते काम माझं. मी म्हटलं, "वहिनी, द्या इकडं." तिनं दिला नाय. घासत राहिली. तिच्या कोपराच्या हालण्याकडं मी बघत होते नि तेव्हाच मला तो फडक्याखाली फिरलेला दांडा आठवला. तिथंच, त्याच वेळी, मी बोलायला हवं होतं. काकी पाच पावलांवर पाटावर बसलेली. मी पदर खोचला नि भात वैरला.

घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं. तो गिरणीत मशिनीवर होता, त्याला असल्या गोष्टी कळायच्या. भिंतीला टेकून बसलेला, खोकला थांबेपर्यंत त्यानं हात वर धरला, मग बोलला, "ते बटण म्हणजे नुसती टोपी गो. आतला दांडा काय तो खरा. दांडा फिरला नि टोपी पहिल्या जागी बसली, म्हणजे आता टोपी खोटं बोलते."

"मग खरं कसं कळायचं?"

"दुसऱ्या कशावरनं तरी. आमच्याकडं साहेब काचेची नळी लावून आच बघायचा. दांडा त्या आचेवर आणायचा, मग हलवायचा नाय. टोपी तेवढी फिरवून आकड्यावर बसवायची."

"माझ्याकडं कुठली आलीय काचेची नळी?"

"धोंडस करतस तेव्हा कुठली नळी असते?"

खरं होतं ते. धोंडस म्हणजे पिकल्या काकडीचा गूळ घालून केलेला आमच्याकडचा केक. टोपाखाली विस्तव, झाकणावर विस्तव. आई मला शिकवताना टोपात आधी एका झाकणीत तांदळाचं पीठ भुरभुरून ठेवायची. एक नारळ, दोन्ही वाट्या, खवून होईपर्यंत पीठ बदामी झालं तर आच बरोबर. आधीच काळं झालं तर विस्तव काढायचा. पांढरंच राहिलं तर घालायचा. वहिनीची नानकटाई पूर्वी चांगली व्हायची, तेव्हा ओव्हनचं दार उघडलं की तोंडावर जी वाफ यायची ती अशीच धोंडसाची असायची. हे मला पक्कं माहीत होतं.

नवऱ्यानं पेटीतनं त्याचा टेस्टर काढून दिला, स्क्रूसाठी. "आधी प्लग काढ. मग हात लाव," बोलला. आणि मग, "पण त्यापरीस काकीस सांग ना. दादा एखाद्या वायरमनला बोलवील."

"सांगतंय."

"सांगतंय म्हणजे सांगणार नाय तू."

"तुझ्या औषधाचं काय करायचं मग? परत बर्फात जाऊ?"

त्यानं पेटीचं झाकण लावलं. मी पण उगाच त्याला बोलले. त्याला बोलायचं नव्हतं, स्वतःला बोलायचं होतं.

दुपारी जेवणं झाली की काकी पुढच्या खोलीत आडवी व्हायची. वहिनी मधल्या खोलीत, कधी पुस्तक, कधी माहेरी पत्र. दादा कोर्टात. स्वयंपाकघरात मी एकटी, विळीवर संध्याकाळचा नारळ खवायला. नारळ रोज एकच. म्हणजे रोज एकदाच बघता यायचं. दिवाळीला आठ दिवस होते.

पहिल्या दिवशी प्लग काढून टोपी उतरवली. नुसता दांडा बोटांनी थोडा मागं फिरवला, दांड्यावर कोळशानं बारीक खूण केली. मग प्लग लावला. लाल दिवा लागला, गेला, परत लागला, गेला. मग झाकणीत पीठ भुरभुरून आत ठेवलं नि विळीवर बसले. पहिली वाटी निम्मी झाली नाय तर पीठ काळं. म्हणजे वहिनी बिचारी केवढ्या आगीत नानकटाई ठेवत होती. दुसऱ्या दिवशी दांडा बराच मागं घेतला. अख्खा नारळ संपला, पीठ रांगोळीसारखं पांढरं. तिसऱ्या दिवशी मधे कुठंतरी. पिवळसर झालं, पण बदामी नाय. रोज काम झालं की टोपी परत होती तशी बसवायची, काठी-मडकी रेघेसमोर, कोणाला कळू नये म्हणून.

चौथ्या दिवशी मी जरा पुढं सरकवला. दुसरी वाटी चालू होती. पीठ भाजल्याचा वास सुटला, चांगला वास, बेसन भाजताना येतो तसा. आणि पुढच्या खोलीतनं काकीच्या बांगड्या वाजल्या. मी उठून प्लग ओढला, टोपी दांड्यावर दाबली, झाकणी बाहेर काढली ती ठेवायला जागा सुचेना. विळीवर बसून मांडीखाली सरकवली नि वरनं लुगडं ओढलं. ती तापलेली होती. भाजलं. मी हलले नाय.

काकी दारात. "सूनबाई," तिनं मधल्या खोलीकडं तोंड करून हाक मारली. वहिनी आली, हातात पेन.

"दुपारचं काय भाजतेस?"

"मी? काही नाही."

"मला नाक आहे अजून. वास कसला हा?"

"मला खरंच माहीत नाही. मी पत्र लिहीत होते."

"आईला ना? लिही. सासू वास घेत फिरते म्हणून लिही." मग माझ्याकडं वळली. "लांज्याची, तू इथंच होतीस. काय करत होती ही?"

मी बोलले, "मी नारळ खवत होते, काकी."

खोटं नव्हतं ते. हातात वाटी होती, ताटात खोबरं होतं. काकीनं मान हलवली. तिला वाटलं, बाई सुनेची बाजू राखतेय, चहाडी करत नाय. माझ्याबद्दल तिचं मत उलट चांगलं झालं, ते मला तिच्या डोळ्यांत दिसलं. वहिनीला बोलली, "करून बघायचं तर सांगून करावं. चोरून करून चोरून खायची सवय आमच्या घरात नाही."

वहिनीचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. तिनं माझ्याकडं बघितलं. मी काहीतरी बोलेन असं तिला वाटलं असणार. मी खोबरं गोळा करत बसले. ती आत गेली. मी मांडीखालची झाकणी काढली तेव्हा चामडी तिला चिकटून आली. बरं झालं असं वाटलं. पण मला भाजलं म्हणून वहिनीच्या अंगावर टाकलेला आळ काय पुसला जाणार.

त्यानंतर दोन दिवस मी ओव्हनला हात लावला नाय. तिसऱ्या दिवशी काकी हळदीकुंकवाला शेजारी गेली नि वहिनीला पण घेऊन गेली. तेवढ्यात मी केलं. दांडा चौथ्या दिवसापेक्षा अगदी तिळभर मागं. नारळाची शेवटची वाटी काळी पडेपर्यंत खवली आणि झाकणी काढली, तर पीठ बदामी. सगळीकडं सारखं. मग काकीच्या डब्यातलं चमचाभर तूप, तेवढीच पिठीसाखर, मूठभर मैदा घेऊन एका वाटीत फेसलं नि एकच नानकटाई ठेवली. फुलली, वरनं तडकली, जशी तडकायला पायजे तशी. मग प्लग काढून, डाव्या हाताच्या चिमटीत दांडा घट्ट धरून, उजव्या हातानं टोपी चढवली. काठी, मडक्यावर मडकं, मडकं, ते रेघेसमोर आणलं. दात दाबून स्क्रू आवळला. दांडा केसभर हलू दिला नाय.

ती नानकटाई पदरात बांधून घरी नेली. म्हणजे चोरून करून चोरून खाणारी कोण होती ते बघा. नवऱ्यानं तिचे तीन तुकडे केले, दोन पोरींना, एक स्वतःला. त्यानं चावून बघितली. "आतनं भाजलीय," बोलला. मग विचारलं, "सांगितलंस?"

मी म्हटलं, "आता सांगून काय करायचं, झालं ना नीट."

पाडव्याच्या आदल्या दिवशी काकी पाट घेऊन स्वयंपाकघरात येऊन बसली. चिपळूणनं मुलगी-जावई सकाळीच आलेले, मुलगी पण येऊन चौकटीला टेकून उभी. वहिनी परातीत तूप-साखर फेसत होती. परातीच्या कडेनं साखर सांडत होती. मी तिच्या जवळ गेले, हळू बोलले, "वहिनी, आज ठेवा. आज होतील."

"तुम्हाला काय माहीत?" ती बोलली. रागानं नाय. खरंच विचारत होती.

मी ओव्हनपाशी उभी राहिले. तिनं ट्रे आत सरकवला नि मागं सरली, जाऊन खिडकीशी उभी राहिली, पाठ करून. तिला बघवत नव्हतं. म्हणून काचेतनं मीच बघत होते. वास आला तसं मीच दार उघडलं, मीच ट्रे काढला. सगळ्यांच्या डोळ्यांसमोर ट्रे माझ्या हातात.

काकीनं एक उचलली, उलटी करून खालनं बघितली. सोनेरी. मोडली. आतपर्यंत भाजलेली. जावयाला हाक मारली, त्यानं उभ्या उभ्या चार खाल्ल्या. तो हसत बोलला, "भट्टीवरची वाटत नाही ही."

"भट्टीवरची नाहीच," काकी बोलली. "आमच्या लांज्याचीनं काढली. हिच्या हाताला विस्तव कळतो हो. महिनाभर सूनबाई करतेय तर कोळसा, आणि आज ही नुसती उभी राहिली तर बघा." मग वहिनीला बोलली, सगळ्यांच्या पुढं, अगदी प्रेमानं, "राहू दे तुझा ओव्हन, पाठवायला नको. पण यापुढे तू फेस, भाजायचं हिच्याकडे. काय?"

वहिनी बोलली, "हो." पाहुण्यांसमोर हसतात तशी हसली.

मी मान खाली घातली. काकीची मुलगी बोलली, "अगं, लाजली बघ."

ओव्हन मुंबईला गेला नाय. वहिनीच्या वडलांचा मान राहिला. ते एवढं मी स्वतःला सांगत होते. पण वहिनीनं त्याला परत हात लावला नाय. एकदा-दोनदा फेसून दिलं, मग तेही बंद. "तुम्हीच करा मावशी, तुमचं छान होतं," म्हणायची. टोमणा नसायचा त्यात. टोमणा असता तर मला सोपं गेलं असतं. स्वयंपाकघरात तिचं गुणगुणणं बंद झालं. काकी शेजारपाजाऱ्यांना माझं कौतुक सांगायची, मग लोक बारशाला, मुंजीला नानकटाई मागायला लागले, काकीनं ते मला करू दिलं. मला बर्फात परत जावं लागलं नाय. नवरा तीन वर्षं आणखी जगला. पोरी शिकल्या. हे सगळं त्या ओव्हनवर झालं, जो माझा नव्हता.

दोन वर्षांनी दादाची बदली झाली, काकी मात्र इथंच राहणार होती. टेम्पो दारात येऊन उभा होता. वहिनी कपबशा कागदात गुंडाळून पेटीत भरत होती, मी कागद फाडून देत होते. काकी बाहेर टेम्पोवाल्याशी बोलत होती. मला वाटलं, आता नाय तर कधीच नाय. मी बोलले, "वहिनी, त्या वर्षी ओव्हन मी बिघडवलेला. खंडेनवमीला बटण काढून धुतलं नि चुकीचं लावलं. दुपारचं पीठ भाजत होते ती पण मीच. मग जुळवला."

तिच्या हातात कप होता. तो तिनं पूर्ण गुंडाळला, पेटीत ठेवला.

"मग तेव्हा का नाही बोललात?"

"काम जाईल म्हणून."

"नसतं गेलं. सासूबाई खरं बोलणाऱ्याला काढत नाहीत."

"होय," मी म्हटलं.

"मला वाटायचं, माझ्याच हाताला काही होत नाही. अजून तसंच वाटतं. काही करायला घेतलं की आधी तेच मनात येतं."

"तुमचे हात चांगले होते, वहिनी."

"ते तुम्ही आज सांगताय."

मी म्हटलं, "ओव्हन न्या. बटण बरोबर आहे आता."

"नको. मला नाही लागत." मग बोलली, "सासूबाईंना सांगाल? मी गेल्यावर सांगा हवं तर. पण सांगा. त्यांना माहीत असावं असं मला वाटतं."

मी बोलले, "सांगते."

तिनं पेटीवर दोरी घातली. मला बोलली, "इथं बोट धरा जरा." मी बोट धरलं, तिनं गाठ मारली, मी बोट काढून घेतलं. टेम्पो गेला.

काकी त्याच्यापुढं नऊ वर्षं जगली. रोज दुपारी त्या घरात आम्ही दोघीच असायचो.